आपल्याच गावाचा कोड

रत्नागिरी शहरात सगळा जन्म काढलेल्या माणसावर ०२३५२ हा आकडा फिरवण्याची वेळ सहसा येत नसे. तो पाठ असायचा मुंबईतल्या रत्नागिरीकराला. गणपतीला कोण कोण येणार, आंब्याची पेटी कोणाबरोबर पाठवली, आईचा गुडघा आता कसा आहे, हे विचारायचे तर आधी शून्य, मग २३५२ आणि मग घरचा, नाहीतर शेजारच्यांचा क्रमांक. साताऱ्याचा ०२१६२ पुण्यात पाठ असे, नागपूरचा ०७१२ हैदराबादेत, सांगलीचा ०२३३ दिल्लीत. एसटीडी कोड असायचा गावाचा, पण तो वापरायचे गाव सोडून गेलेले लोक. गावात राहणाऱ्याला पाच-सहा आकडे पुरत. आपण दोघे एकाच गावचे, हे त्या थोडक्या आकड्यांतच कळून चुके.

ही रीत आता बदलू घातली आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ६ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला राष्ट्रीय क्रमांकन योजनेत बदल सुचवले. त्यातली एक शिफारस अशी की, लँडलाइनवरून लँडलाइनला फोन लावताना, मग तो समोरच्या आळीतला का असेना, आधी शून्य, नंतर एसटीडी कोड आणि मग क्रमांक फिरवावा. कोणाचाही क्रमांक बदलणार नाही. बदलणार आहे तो फिरवण्याचा क्रम. मोबाइलवरून फोन करणाऱ्याला यात नवे काही नाही. लँडलाइनवाल्यांचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. मुंबईत आठ आकड्यांचे अकरा होतील, कोल्हापुरात सातांचे अकरा आणि साताऱ्यात सहांचे अकरा. गाव जितके लहान, तितकी वाढ मोठी.

लहान गावाचा क्रमांक लहान का होता, हे समजण्यासाठी एक्स्चेंजच्या पोटात शिरावे लागते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ऑल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. त्याने ऑपरेटरच लागणार नाही असे यंत्र रचले आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे जगभर वापरात आलेल्या स्ट्राउजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये तबकडीवर ४ फिरवला की तारेतून चार ठोके जात. त्या ठोक्यांसरशी एक्स्चेंजमधला लोखंडी हात चार पायऱ्या वर चढे आणि मोकळी वाट शोधून पुढच्या यंत्राकडे सोपवणूक करी. पुढचा आकडा पुढच्या यंत्राला हलवी. शेवटचे दोन आकडे शेवटच्या यंत्राचे: एकाने वर चढायचे, दुसऱ्याने बाजूला सरकायचे, की समोरच्या घरची घंटी वाजली. फिरवलेला प्रत्येक आकडा म्हणजे कुठल्यातरी खोलीत कुठल्यातरी यंत्राने खरोखर टाकलेले एक पाऊल होते. भारतात असे स्वयंचलित एक्स्चेंज पहिल्यांदा शिमल्यात, १९१३-१४ च्या सुमारास सुरू झाले. हजारभर फोनच्या गावात तीन-चार पावलांत काम होई, लाखांच्या शहरात सहा-सात लागत. क्रमांकाची लांबी ही गावाच्या आकाराची खरीखुरी मोजणी होती.

आणि शून्य? तबकडीवर शून्याला दहा ठोके. सगळ्यात दूरचे भोक, सगळ्यात लांब फेरा. शून्य फिरवला की फोन गावातल्या यंत्रांना ओलांडून बाहेर पडे. शून्य ही गावाची वेस होती.

ती वेस आपल्या बोटाने ओलांडता येण्यापूर्वी ऑपरेटरच्या हातापाया पडावे लागे. ट्रंक कॉल बुक करायचा आणि बसून राहायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. घाई जितकी, तितका खिसा मोकळा. बोलणे तीन मिनिटांच्या मापाने मोजले जाई. भारतात ग्राहकाने स्वतः आकडे फिरवून थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजेच एसटीडी, सुरू झाली २५ नोव्हेंबर १९६० रोजी, लखनौ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये. तिथून पुढे एकेक शहर या जाळ्यात आले, आणि आलेल्या प्रत्येक शहराला कोड लागला.

या कोडांची मांडणी नीट पाहिली तर तो एक नकाशाच आहे, आणि मोठ्या विचाराने काढलेला. दूरसंचार खात्याने देशाचे ३२२ मोठे भाग पाडले, साधारण जिल्ह्याएवढे. त्यांचे पुन्हा २,६०० हून अधिक छोटे भाग, साधारण तालुक्याएवढे. कोडचे सुरुवातीचे आकडे मोठा भाग सांगतात, पुढचा आकडा तालुका. सातारा जिल्हा घ्या. २१६ पर्यंत बहुतेक सगळे सारखे. मग सातारा २१६२, कराड २१६४, फलटण २१६६, वाई २१६७, महाबळेश्वर २१६८. कृष्णेच्या उगमापासून प्रीतिसंगमापर्यंतचा मुलूख एका आकड्याच्या फरकात मावला आहे. एका तालुक्यातली गावे एका कोडखाली म्हणजे तिथे लोकल कॉल. बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला माणसे जिथे जातात तिथे बोलायला एसटीडीचे पैसे पडू नयेत, हा व्यवहार त्यात होता.

पहिला आकडा तर राज्यांच्या सीमांनाही जुमानत नाही. मुंबई, पुणे, नाशिक, कोकण, खानदेश, मराठवाडा यांचे कोड २ ने सुरू होतात. त्याच २ मध्ये सुरत, बडोदा, राजकोट. विदर्भातली अकराही जिल्ह्याची ठिकाणे मात्र ७ मध्ये: नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, चंद्रपूर ०७१७२. त्यांच्याबरोबर इंदूर ०७३१, भोपाळ ०७५५, जबलपूर ०७६१, रायपूर ०७७१. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे शेजार ओळखीचे वाटेल. गोवा ०८३२, त्याच्या एका बाजूला बेळगाव ०८३१ आणि जवळच हुबळी ०८३६. मराठी बोलणारी माणसे या सगळ्या कोडांत विखुरलेली आहेत. इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या मराठी घरांत महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचे कोड वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असत.

आणखी एक गोष्ट. गावांची नावे बदलली, कोड बदलले नाहीत. ०२४० आधी औरंगाबादचा होता, आता छत्रपती संभाजीनगरचा आहे. ०२४७२ उस्मानाबादचा होता, आता धाराशिवचा. ०२४१ अहमदनगरचा होता, आता अहिल्यानगरचा. फोन मात्र जुन्याच आकड्यांवर लागतो.

या कोडांना खरी घराघरांतली ओळख मिळाली ती नव्वदच्या दशकात. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा यांनी तिची उभारणी केली, आणि भारतीय धुळीत व उन्हात वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ लाइनचे ग्रामीण एक्स्चेंज तिने तयार केले. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर इथे ते बसवले गेले. त्यानंतर नाक्यानाक्यावर पिवळी पाटी आली: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. कितीतरी अपंग माणसांचे संसार या बूथवर उभे राहिले, कारण परवाना देताना त्यांना प्राधान्य होते. काचेच्या खोक्यात एक माणूस, बाहेर रांग, आणि समोर लाल आकड्यांचे मीटर. रात्री उशिरा दर पाव होत असे, म्हणून रांग रात्रीच वाढे. भिंतीवर कोडांचा तक्ता टांगलेला असे आणि बूथवाल्याला बहुतेक सगळे पाठ असत. ‘दादा, पंढरपूरचा कोड काय?’ या प्रश्नाला मान वर न करता ‘०२१८६’ असे उत्तर येई. लग्नपत्रिकेवर क्रमांकापुढे कंसात पी.पी. लिहिलेले असे, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप मिळेल. एका फोनवर सात-आठ घरांची सुखदुःखे येत.

फोन वाढले तसे आकडे अपुरे पडले. हे सोपे गणित आहे: सहा आकड्यांत जास्तीत जास्त दहा लाख क्रमांक बसतात, आणि शून्य व एकने सुरू होणारे वगळावे लागतात. पुण्याचा प्रवास यासाठी नमुनेदार आहे. कोड होता ०२१२ आणि क्रमांक सहा आकडी. मग कोड आखडून ०२० झाला आणि क्रमांक सात आकडी झाला. पुढे क्रमांकाच्या आधी २ आला आणि तो आठ आकडी झाला. मुंबईतही २००२ मध्ये सगळ्या एमटीएनएल क्रमांकांना पुढे २ लागला. दुकानांच्या पाट्यांवर रंगाऱ्यांनी दाटीवाटीने कोंबलेला तो वेगळ्या रंगाचा २ पुढे बरीच वर्षे दिसत राहिला. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांकन योजनेने एक सूत्र पक्के केले: शून्य सोडून कोड आणि क्रमांक मिळून दहा आकडे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे या आठ शहरांना दोन आकडी कोड आणि आठ आकडी क्रमांक; कोल्हापूर, नाशिक, नागपूर यांसारख्यांना तीन आणि सात; सातारा, रत्नागिरी, लातूर यांना चार आणि सहा. खाजगी कंपन्या आल्या तशी क्रमांकाच्या पहिल्या आकड्यावरून कंपनीही कळू लागली. बीएसएनएल आणि एमटीएनएलचा २, रिलायन्सचा ३, एअरटेलचा ४, टाटांचा ६.

मध्ये काही वर्षे एक तिसरी तऱ्हा होती. जवळच्या परगावासाठी शून्याऐवजी ९५ फिरवायचा. मुंबईहून वसई लावायची तर ९५२५०, कल्याण ९५२५१, पुणे ९५२०. अगदी जवळचे नाही, पण दूरचेही नाही, अशा नात्यासाठी क्रमांकनात केलेली ती जागा होती, आणि तिचे दरही कमी होते. अंतराचे मोल पुढे वेगाने घसरले. १ मार्च २००६ रोजी बीएसएनएल-एमटीएनएलची ‘वन इंडिया’ योजना आली आणि देशात कुठेही एक रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागले. ९५ ची गरज संपली आणि ती मालिका मोबाइलसाठी मोकळी झाली. आज ९५ ने सुरू होणारा मोबाइल क्रमांक बाळगणाऱ्या तरुणाला याची कल्पनाही नसेल.

अमेरिकेत हेच नाटक आधी घडून गेले. तिथे एटी अँड टी कंपनीने १९४७ मध्ये ८६ क्षेत्रकोडांचा आराखडा केला. तबकडीवर लवकर फिरणारे कोड दाट वस्तीच्या शहरांना मिळाले: न्यू यॉर्क २१२, शिकागो ३१२, लॉस एंजेलिस २१३. १० नोव्हेंबर १९५१ रोजी न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावच्या महापौरांनी ऑपरेटरविना थेट कॅलिफोर्नियातल्या अलामिडाच्या महापौरांना फोन लावला. गावात बोलायला मात्र सात आकडे पुरत. पुढे फॅक्स, पेजर, मोबाइल आले, क्रमांक संपत आले, आणि एकाच मुलखावर दोन-दोन कोड बसवावे लागले. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या परिसरात, जिथे मराठी घरे पुष्कळ आहेत, ७३२ च्या जोडीला २००१ मध्ये ८४८ आला. शेजारणीचा कोड वेगळा असू शकतो म्हटल्यावर शेजारणीलाही दहा आकडे फिरवणे आले.

त्यातला सर्वांत मोलाचा बदल ऑक्टोबर २०२१ मधला. आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसाला आधार देणाऱ्या हेल्पलाइनसाठी अमेरिकेने ९८८ हा तीन आकडी क्रमांक ठरवला होता. अडचण अशी की, ८२ क्षेत्रकोडांत ९८८ ने सुरू होणारे सात आकडी स्थानिक क्रमांक आधीच लोकांकडे होते. कोणी ९८८ दाबून थांबला, तर त्याला मदत हवी आहे की तो पुढचे चार आकडे दाबणार आहे, हे एक्स्चेंजला कसे कळावे? म्हणून त्या भागांत सात आकड्यांनी फोन लावणे बंद झाले आणि दहा आकडे सक्तीचे झाले. १६ जुलै २०२२ पासून ९८८ देशभर लागू लागला. कोट्यवधी लोकांनी रोजच्या फोनला तीन आकडे जास्त दाबायचे, कारण संकटातल्या कोणालातरी तीनच दाबावे लागावेत. आकड्यांच्या वाढीवर कुरकुर करणाऱ्याने हे उदाहरण जरूर आठवावे.

भारतातला शून्यही त्याच तर्काने आला. लँडलाइनवरून कोणी ४ किंवा ५ दाबला, तर एक्स्चेंज समजणार की हा गावातला क्रमांक आहे. त्यामुळे त्या आकड्यांनी सुरू होणारे मोबाइल क्रमांक देता येत नव्हते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे बंधनकारक झाले, आणि त्या एका शून्याने सुमारे २५४ कोटी नव्या क्रमांकांची सोय झाली. मोबाइल अकरा आकडी होणार अशी आवई त्याआधीच्या वर्षी उठली होती. ती टळली ती या शून्यामुळेच. ट्रायची ताजी शिफारस त्याच्या पुढची पायरी आहे. क्रमांक तालुक्यातालुक्याला संचांनी वाटलेले असतात. एका तालुक्यात ते पडून राहतात, दुसऱ्यात कमी पडतात, आणि इकडचे तिकडे देता येत नाहीत. नव्या योजनेत अख्खे सर्कल, म्हणजे साधारण राज्याएवढा दूरसंचार विभाग, हे एकच क्षेत्र धरले जाईल. महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गोवाही येतो, मुंबई वेगळी. म्हणजे पणजी आणि गडचिरोली एका साठ्यातले भागीदार होतील.

हे करायला हवे, यात शंका नाही. पडून राहिलेले क्रमांक कोणाच्याच कामाचे नसतात, आणि दहा आकड्यांची एकच रीत सर्वांना लागू झाली की गोंधळ कमी होतो. पण या बदलात काय जाते आहे, तेही मोकळेपणाने म्हणायला हवे. मोबाइलने गावाची खूण आधीच पुसली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतर काही वर्षे ९८२० म्हटले की मुंबई आणि ९८२२ म्हटले की उरलेला महाराष्ट्र, एवढे तरी कळत होते. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक तोच ठेवून देशभर कुठेही कंपनी आणि सर्कल बदलता येऊ लागले, आणि तेही संपले. आता क्रमांक माणसाचा असतो, ठिकाणाचा नसतो. ठिकाणाचा म्हणावा असा क्रमांक उरला तो लँडलाइनचाच. दवाखान्याचा, पोलीस ठाण्याचा, तहसीलदार कचेरीचा, शाळेचा, बँकेच्या शाखेचा. अधिकारी बदलतो, डॉक्टर बदलतो, मुख्याध्यापिका निवृत्त होतात, पण ०२१६७ ने सुरू होणारा क्रमांक वाईतच वाजतो. जुन्या क्रमांकांना ही ओळख राहील. सर्कलभर वाटल्या जाणाऱ्या नव्या क्रमांकांना ती राहीलच असे नाही. म्हणून सार्वजनिक कचेऱ्यांचे आणि रुग्णालयांचे आजचे क्रमांक, त्यांच्या तालुक्याच्या कोडसह, जपले जावेत, असा आग्रह धरायला हवा.

या बदलाची एक उजवी बाजू मात्र सहसा ध्यानात येत नाही. आजवर आपल्या गावाचा कोड फक्त परगावच्या माणसाच्या बोटांना ठाऊक होता. ही शिफारस अमलात आली की फलटणचा माणूस फलटणमध्ये बसून २१६६ दाबेल. गाव सोडून गेलेल्यांनी जो आकडा उराशी धरला, तो गावात राहिलेल्यांच्याही रोजच्या वापरात येईल.

तोवर करण्यासारखी कामे साधी आहेत. दवाखाना, मेडिकल, शाळा, ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी यांच्या पाट्यांवर अजूनही नुसते सहा-सात आकडे लिहिलेले सापडतात; तिथे शून्यासह पूर्ण कोड लिहून घ्या. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बँकेच्या चोर-घंटीत, कारखान्याच्या आग-सूचक यंत्रात आपोआप फोन लावण्याची सोय असेल आणि तिच्यात जुने छोटे क्रमांक भरलेले असतील, तर ते तंत्रज्ञाकडून बदलून घ्या, कारण आग लागल्यावर यंत्राने चुकीचा क्रमांक लावलेला परवडत नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनशेजारी जो कागद चिकटवलेला आहे, तो मोठ्या अक्षरांत नव्याने लिहा: डॉक्टरांचा, मुलीचा, शेजाऱ्यांचा क्रमांक, लँडलाइन असेल तर पुढे शून्य आणि कोड, मोबाइल असेल तर नुसता शून्य. १००, १०१, १०८ आणि ११२ यांच्यापुढे काहीच लावायचे नाही, हेही त्याच कागदावर लिहा.